ड्रॅक्युलाचे सुटे कागद

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

७ जुलै १९१३ रोजी लंडनच्या सदबीज या प्रसिद्ध लिलावगृहात एका दिवंगत गृहस्थाची पुस्तकं विक्रीला निघाली होती. गृहस्थाचं नाव ब्रॅम स्टोकर. आदल्या वर्षी, २० एप्रिल १९१२ रोजी, ते वारले होते. लंडनकर त्यांना ओळखत होते ते एका नाटकमंडळीचे व्यवस्थापक म्हणून. ज्यांच्यासाठी त्यांनी आयुष्य वेचलं ते थोर नट सर हेन्री अर्व्हिंग १९०५मध्येच गेले होते. त्यानंतर स्टोकरांची तब्येत ढासळली, मिळकत आटली. १९११मध्ये तर गरजू साहित्यिकांना मदत करणाऱ्या रॉयल लिटररी फंडाकडे त्यांना अर्ज करावा लागला आणि त्या संस्थेनं शंभर पौंड दिले. मागे राहिलेल्या पत्नीनं, फ्लोरेन्सबाईंनी, नवऱ्याचा ग्रंथसंग्रह विकायला काढला यात नवल नव्हतं.

त्या विक्रीत १८२ क्रमांकाच्या गठ्ठ्यात पुस्तक असं काही नव्हतंच. होते सुटे कागद. वेगवेगळ्या आकारांचे, काही हातानं लिहिलेले, काही टंकलिखित. ‘ड्रॅक्युला’ या कादंबरीसाठी लेखकानं काढलेली मूळ टिपणं. ड्रेक नावाच्या एका अमेरिकन पुस्तक व्यापाऱ्यानं ती घेतली. किंमत २ पौंड २ शिलिंग!

आज ड्रॅक्युला माहीत नाही असा माणूस सापडणं कठीण. कादंबरी न वाचलेल्यालाही काळा झगा, लांब सुळे आणि कार्पेथियन डोंगरातला किल्ला डोळ्यांपुढे आणता येतो. ही कादंबरी मे १८९७मध्ये प्रसिद्ध झाली आणि तेव्हापासून ती बाजारातून कधी गेलेली नाही. पण ती लिहिली कशी गेली, हे सांगणारे कागद मात्र त्या लिलावानंतर पन्नास-साठ वर्षं जणू गडप झाले होते. आणि कागद नसले, की त्यांची जागा दंतकथा घेतात. ड्रॅक्युलाच्या जन्माच्या अशा तीन कथा आजही सांगितल्या जातात. त्या आधी ऐकू या, मग कागद काय म्हणतात ते पाहू.

पहिली कथा खेकड्याची. एका रात्री स्टोकरांनी खेकड्याचं कालवण म्हणे अंमळ जास्तच खाल्लं, रात्री भयंकर स्वप्न पडलं, थडग्यातून उठणारा पिशाच्चांचा राजा दिसला आणि कादंबरी सुचली! हॅरी लडलम यांनी १९६२मध्ये लिहिलेल्या चरित्रात ही हकिकत आली आणि तिथून ती सगळीकडे पसरली. दुसरी कथा एका हंगेरियन पंडिताची. आर्मिनियस व्हॅम्बेरी हे नावाजलेले प्रवासी आणि भाषापंडित. त्यांनी एका मेजवानीत स्टोकरांना ट्रान्सिल्व्हेनियातल्या भुताखेतांची सगळी माहिती पुरवली, असं म्हणतात. तिसरी कथा सर्वांत लोकप्रिय. पंधराव्या शतकात वालाशिया प्रांतात, म्हणजे आजच्या रुमानियात, व्लाद नावाचा एक राजा होऊन गेला. शत्रूंना जिवंतपणी सुळावर चढवण्याबद्दल तो कुप्रसिद्ध होता. त्याच्या क्रौर्याचा इतिहास वाचून स्टोकरांनी आपला काउंट रंगवला, अशी ही कथा. आजही रुमानियात जाणारे पर्यटक तीच ऐकत हिंडतात.

आता कागदांकडे वळू. अमेरिकेत फिलाडेल्फिया शहरात रोझेनबाख नावाचं एक छोटेखानी ग्रंथालय आणि संग्रहालय आहे. जेम्स जॉइसच्या ‘युलिसिस’चं हस्तलिखित तिथेच आहे. या संस्थेनं १९७० साली स्टोकरांची टिपणं मिळवली. पण जगाला त्यांचा पत्ता लागला तो एका योगायोगानं. रेमंड मॅक्नॅली आणि राडू फ्लोरेस्कू हे दोन इतिहासकार त्या व्लाद राजाचा माग काढत होते. त्याच्यावरचं एक जुनं जर्मन छापील पत्रक रोझेनबाखमध्ये आहे. ते बघायला दोघे तिथे गेले, तेव्हा त्यांना सांगण्यात आलं, की तुमच्या विषयाचं आमच्याकडे आणखीही काही आहे. व्लाद हाच ड्रॅक्युला ही कल्पना जगभर नेणाऱ्या या दोघांच्याच हाती ते कागद आले. आणि त्याच कागदांनी पुढे त्यांच्या कल्पनेला मोठा तडा दिला!

पुढे २००८मध्ये रॉबर्ट एटीन-बिसांग आणि एलिझाबेथ मिलर या अभ्यासकांनी ही सव्वाशेच्या आसपास पानं छायाप्रतींसह आणि संपूर्ण वाचनासह पुस्तकरूपानं छापली. स्टोकरांचं अक्षर म्हणजे मोडीशी झगडलेल्यालाही घाम फोडेल असं. त्यामुळे हे काम साधं नव्हतं.

या पानांवरची सर्वांत जुनी तारीख आहे ८ मार्च १८९०. म्हणजे कादंबरी छापून येण्याच्या सात वर्षं आधीची. त्या दिवशी स्टोकरांनी थोडक्यात एक प्रसंग टिपून ठेवला. एक तरुण बाहेर पडतो, त्याला काही मुली दिसतात. त्यांतली एक त्याचं चुंबन घ्यायला येते, पण ओठांचं नव्हे, गळ्याचं. तेवढ्यात म्हातारा काउंट मध्ये पडतो आणि रागानं लाल होऊन सांगतो, की हा माणूस माझा आहे. कादंबरी वाचलेल्यांना हा प्रसंग लगेच ओळखू येईल. सात वर्षांत नावं बदलली, गावं बदलली, माणसं आली आणि गेली. हा प्रसंग मात्र टिपणांत पुन्हा पुन्हा येतो आणि थेट छापील पुस्तकात पोचतो.

हे स्वप्नातून आलेलं असेल का? असेलही. खेकड्याला मी सरसकट खोटा ठरवणार नाही. पण स्वप्न फार तर एका रात्रीचं. नंतरच्या सात वर्षांचं काय? आणि व्हॅम्बेरींची गोष्ट तर तारखेपुढेच लटकी पडते. ते स्टोकरांना नाटकगृहातल्या मेजवानीत भेटले ३० एप्रिल १८९०ला. तोवर काउंट कागदावर येऊन सात आठवडे झाले होते. त्या सगळ्या टिपणांत व्हॅम्बेरींचं नाव एकदाही नाही.

गंमत अशी की काउंट आला होता, पण त्याचं नाव ड्रॅक्युला नव्हतं. सुरुवातीच्या पानांवर तो आहे ‘काउंट वाम्पिर’. म्हणजे आपल्याकडे एखाद्यानं खलनायकाचं नाव ‘श्रीयुत पिशाच्चे’ ठेवावं तसलाच प्रकार! त्याचा मुक्कामही ट्रान्सिल्व्हेनियात नव्हता, तर ऑस्ट्रियातल्या स्टिरिया प्रांतात होता. तिथून तो ट्रान्सिल्व्हेनियात कसा गेला आणि वाम्पिरचा ड्रॅक्युला कसा झाला, हे या टिपणांतून जवळजवळ पावलापावलानं दिसतं.

१८९०च्या उन्हाळ्यात स्टोकर सुट्टीसाठी व्हिटबी या गावी गेले. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरचं हे कोळ्यांचं बंदर. एका बाजूला उंच कडा, कड्यावर पडक्या मठाचे अवशेष, शेजारी जुनं चर्च आणि समुद्राकडे तोंड केलेली थडगी. माणूस सुट्टीवर आहे असं या कागदांवरून मुळीच वाटत नाही. चर्चच्या आवारात जाऊन त्यांनी थडग्यांवरची नावं आणि मजकूर उतरवून घेतला. कादंबरीत मिस्टर स्वेल्स नावाचा एक बडबड्या म्हातारा खलाशी आहे. ते आडनाव या थडग्यांवरचंच. तिथल्या बोलीतल्या शब्दांची त्यांनी मोठी यादी केली, कारण त्या म्हाताऱ्याच्या तोंडी लंडनची इंग्रजी शोभली नसती. किनाऱ्यावरच्या कोळ्यांशी गप्पा मारल्या आणि कोणी काय सांगितलं ते टिपून घेतलं.

आणि तटरक्षकाच्या चौकीत त्यांना एक जहाज सापडलं. पेथरिक नावाच्या तटरक्षकानं त्यांना फुटलेल्या जहाजांच्या नोंदी पुरवल्या. त्यांत २४ ऑक्टोबर १८८५ची एक नोंद होती. नार्व्हा बंदरातून निघालेलं ‘दिमित्री’ नावाचं रशियन गलबत वादळात व्हिटबीच्या वाळूवर येऊन आदळलं होतं. जहाजात भरताड म्हणून पांढरी वाळू होती. आता कादंबरी उघडून पाहा. ड्रॅक्युला इंग्लंडात येतो तो ज्या गलबतातून, त्याचं नाव ‘डिमीटर’. ते निघतं व्हार्ना बंदरातून. नार्व्हाची अक्षरं उलटसुलट केली, की व्हार्ना! वाळूचं भरताड तसंच राहिलं. भर पडली ती फक्त मातीनं भरलेल्या लाकडी खोक्यांची. खरं वादळ, खरं बंदर, खरी वाळू आणि त्यात लपवलेली एकच खोटी गोष्ट. भयकथेच्या धंद्यातलं गुपित मला तरी या एका नोंदीत दिसतं. वाचक वाळूवर विश्वास ठेवतो आणि मग खोक्यांवरही ठेवून बसतो.

त्याच मुक्कामात व्हिटबीच्या वाचनालयातून त्यांनी एक पुस्तक काढलं. विल्यम विल्किन्सन या इंग्रज वकिलातीतल्या अधिकाऱ्यानं वालाशिया आणि मोल्डेव्हिया या संस्थानांविषयी १८२०मध्ये लिहिलेलं. विषय राजकारण, व्यापार वगैरे. अगदी रुक्ष. पण त्यात ड्रॅक्युला नावाच्या एका सरदाराचा ओझरता उल्लेख होता आणि खाली तळटीप होती, की वालाशियाच्या भाषेत या शब्दाचा अर्थ सैतान. स्टोकरांनी ती तळटीप उतरवून घेतली. वाचनालयातला पुस्तकाचा क्रमांकही टिपला, ०.१०९७. मग पात्रांच्या यादीचं पान काढून ‘वाम्पिर’वर काट मारली आणि ‘ड्रॅक्युला’ लिहिलं. त्याच पानाच्या माथ्यावर ते नाव पुन्हा एकदोनदा लिहिलेलं दिसतं. एखादा शब्द आवडला, की आपण कागदाच्या कोपऱ्यात तो गिरवत बसतो, तसं.

मग त्या सुळावर चढवणाऱ्या व्लादचं काय? टिपणांत ‘व्लाद’ हे नावच नाही. सुळांची गोष्ट नाही. त्याच्या क्रौर्याचा एक शब्द नाही. विल्किन्सनच्या पुस्तकातही राजाचं ते पहिलं नाव येत नाही. कादंबरीत काउंट आपल्या पूर्वजांची बढाई मारतो तेव्हा डॅन्यूब ओलांडून तुर्कांवर चालून गेलेल्या वीराचा आणि त्याच्या दगाबाज भावाचा उल्लेख करतो. तेवढी माहिती विल्किन्सनच्या त्या दोन-चार ओळींत होती. म्हणजे स्टोकरांनी राजा घेतला नाही, त्याचं फक्त नाव घेतलं. आणि तेही तळटिपेतल्या अर्थासाठी. आता रुमानियाच्या पर्यटन खात्याला हे कोण सांगणार?

ट्रान्सिल्व्हेनियात स्टोकर जन्मात कधी गेले नाहीत. तो प्रदेश त्यांनी ग्रंथालयात बसून उभा केला. तिथे तैनात असलेल्या एका लष्करी अधिकाऱ्याची पत्नी एमिली जेरार्ड यांनी तिथल्या लोकसमजुतींवर १८८५मध्ये एक लेख लिहिला होता. लसूण, सेंट जॉर्जच्या सणाची रात्र, ‘नोस्फेरातू’ हा शब्द, हे सगळं तिथून आलं. सबाइन बेअरिंग-गूल्ड यांच्या लांडगामाणसांवरच्या पुस्तकातून काउंटच्या जुळलेल्या भुवया आणि तळहातावरचे केस आले. रस्ते, जेवण, पोशाख हे मेजर जॉन्सन आणि इतर प्रवाशांच्या वर्णनांतून. २०१८मध्ये लंडन लायब्ररी या जुन्या सशुल्क ग्रंथालयात एक शोध लागला. स्टोकर १८९० ते १८९७ या काळात तिथले सभासद होते. टिपणांत उल्लेख असलेल्या पुस्तकांच्या तिथल्या प्रती कपाटांतून काढून पाहिल्या, तर पंचवीसेक पुस्तकांत पेन्सिलीच्या खुणा निघाल्या, आणि त्या टिपणांतल्या नोंदींशी जुळत होत्या. ग्रंथालयाच्या पुस्तकात पेन्सिल चालवणं वाईटच. पण सव्वाशे वर्षांनी त्याचा असा उपयोग होणार असेल तर काय बोलावं!

हा माणूस एवढा नोंदखोर का होता, याचं उत्तर त्याच्या पूर्वायुष्यात आहे. स्टोकर मूळचे डब्लिनचे. तिथे ते सरकारी नोकर होते आणि आयर्लंडमधल्या छोट्या न्यायालयांच्या कारकुनांची कर्तव्यं सांगणारं एक जाडजूड पुस्तक त्यांनी लिहिलं. ते १८७९मध्ये छापलं गेलं. नंतर लंडनच्या लायसीयम थिएटरची सगळी व्यवस्था त्यांच्याकडे. हिशेब, पत्रव्यवहार, दौरे, रेल्वेची आरक्षणं. १८९०मध्ये ते बॅरिस्टरही झाले. टिपणांतली कितीतरी पानं त्यांनी सापडेल त्या कागदावर लिहिली आहेत: नाटकमंडळीचे छापील कागद, हॉटेलांचे कागद. त्यांत फिलाडेल्फियाच्या स्ट्रॅटफर्ड हॉटेलचेही आहेत. अर्व्हिंगच्या कंपनीबरोबर अमेरिकेच्या दौऱ्यावर असताना लिहिलेले कागद फिरून फिरून त्याच गावात मुक्कामाला आले.

कारकुनी म्हटलं की आपण नाक मुरडतो. पण स्टोकरांच्या बाबतीत तीच कामी आली. त्यांनी कादंबरीचा आराखडा आधी नाटकासारखा चार भागांत मांडला. प्रत्येक भागात सात प्रकरणं. मग तारखावार तक्ता केला. कोणत्या दिवशी कोण कुठे, कोणतं पत्र कधी निघालं, कधी पोचलं. वारांचा आणि तारखांचा मेळ १८९३च्या दिनदर्शिकेशी बसतो. कादंबरीत सालाचा उल्लेख नाही, तरी चंद्र-सूर्याखेरीज रेल्वेच्या वेळापत्रकाचाही मान राखून सगळं घडतं. थोरले भाऊ सर थॉर्नली हे डब्लिनचे मोठे शल्यचिकित्सक. कवटीला मार लागून मेंदूवर दाब आला तर माणसाचं काय होतं, शस्त्रक्रिया कशी करतात, याचं टिपण त्यांनी लिहून दिलं. ते टिपण या गठ्ठ्यात आहे आणि वेड्यांच्या रुग्णालयातल्या रेनफिल्डचा मृत्यू त्यावरूनच लिहिलेला आहे. एक वर्तमानपत्राचं कात्रणही आहे. ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’च्या २ फेब्रुवारी १८९६च्या अंकातलं. अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागात क्षयानं माणसं मरू लागली, की गावकरी जुनी थडगी उकरून प्रेतांची काळजं जाळत, त्याची ही बातमी. स्टोकरांच्या कल्पनेतली गोष्ट एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी कुठे तरी खरोखर घडत होती.

पण मला या कागदांत सर्वांत जास्त गुंतवून ठेवतं ते त्यांनी टाकून दिलेलं. पात्रांच्या यादीत एक गुप्त पोलीस आहे, एक भुताखेतांचा शास्त्रीय शोध घेणारा आहे, माक्स विंडशोफेल नावाचा जर्मन प्राध्यापक आहे. छापील कादंबरीत हे तिघेही नाहीत. त्यांची कामं एकाच माणसाकडे गेलेली दिसतात, तो डॉक्टर व्हॅन हेल्सिंग. काउंटच्या घरी एक मुकी-बहिरी बाई आणि एक अबोल पुरुष असे नोकर होते, तेही गेले. मग त्या प्रचंड किल्ल्यात काउंट एकटाच उरला. पाहुण्याचा बिछाना तोच घालतो, ताटंही तोच मांडतो! जोनाथन हार्करला हे कळतं तेव्हा वाचकाच्या अंगावर जो काटा येतो, तो दोन नोकर कमी केल्यामुळे आलेला आहे.

आणखी एक बेत होता तेरा पाहुण्यांच्या मेजवानीचा. प्रत्येकानं एकेक विचित्र गोष्ट सांगायची आणि शेवटी काउंट आत यायचा. नाटकवाल्या माणसाला हा बेत किती मोहाचा वाटला असेल! तोही रद्द झाला. पिशाच्चाच्या लक्षणांची एक मोठी यादी आहे. आरशात प्रतिबिंब नाही, उंबरा ओलांडायला मदत लागते, काही खात-पीत नाही, अंधारात दिसतं. यांतली बरीचशी कादंबरीत आली. पण काही राहून गेली. त्याचं चित्र कुणालाच काढता येत नाही, काढलं तर भलत्याच माणसासारखं येतं. कोडॅक कॅमेऱ्यानं फोटो काढला तर तो काळा येतो किंवा सांगाड्यासारखा. त्याला संगीताचं काही वाटत नाही. चित्राची कल्पना का वगळली याचा माझा एक तर्क आहे. पात्रांमध्ये फ्रान्सिस एटाउन नावाचा एक चित्रकार होता. तो यादीतून गेला, मग चित्र काढणार कोण? फोटोची कल्पना मात्र हातची घालवायला नको होती, असं राहून राहून वाटतं. कोडॅकचा कॅमेरा १८८८मध्ये बाजारात आलेला, अगदी नवा. जुनं भूत आणि नवं यंत्र समोरासमोर आली असती. अर्थात टंकलेखनयंत्र, फोनोग्राफ, तारायंत्र यांची त्या कादंबरीत आधीच एवढी गर्दी आहे, की एक कमी झालं म्हणून बिघडलं नाही.

मराठी वाचकाला इथे एक प्रश्न पडेल. वेताळाचं काय? आपल्याकडची वेताळपंचविशी सर रिचर्ड बर्टन यांनी १८७०मध्ये ‘विक्रम अँड द व्हॅम्पायर’ या नावानं इंग्रजीत नेली होती. हेच बर्टन तरुणपणी मुंबईच्या फौजेत होते आणि गोव्यावरही त्यांनी पुस्तक लिहिलं. स्टोकर आणि बर्टन यांची चांगली ओळख होती. बर्टन बोलताना वरचा ओठ उचलला गेला, की त्यांचा सुळा कसा चमकायचा, हे स्टोकरांनी अर्व्हिंगच्या आठवणींत रंगवून सांगितलंय. एवढं सगळं असताना आपल्या वेताळानंच ड्रॅक्युलाला जन्म दिला, असं म्हणायचा मोह होतो. पण टिपणांतल्या ग्रंथांच्या यादीत बर्टनचं पुस्तक नाही. सुळा घेतला असेल, वेताळ घेतला असं कागद म्हणत नाहीत. रुमानियावाल्यांना एक न्याय आणि आपल्याला दुसरा, असं कसं चालेल?

ड्रॅक्युला आपल्याकडे आला तो उलट्या वाटेनं. स्टीफन किंग यांनी ड्रॅक्युला आजच्या अमेरिकेतल्या छोट्या गावात आला तर काय होईल, या विचारातून १९७५मध्ये ‘सेलम्स लॉट’ लिहिली. आणि नारायण धारपांनी तिच्यावरून मराठीत ‘लुचाई’. धारपांच्या पुस्तकांनी उशिरापर्यंत दिवा जाळायला लावलेल्या पिढीला हे नातं कदाचित ठाऊक नसेल.

पुन्हा कागदांकडे येऊ, कारण खुद्द ती कादंबरीच कागदांची आहे. तिच्यात निवेदक असा नाही. रोजनिशा, पत्रं, तारा, कात्रणं, जहाजाच्या कप्तानाची नोंदवही हे सगळं मीना नावाची नायिका टंकलिखित करून तारखेप्रमाणे लावते. त्या जोरावरच ही मंडळी काउंटचा माग काढतात. काउंटलाही ते उमगतं. तो एका रात्री घरात शिरून हस्तलिखितं आणि फोनोग्राफच्या नळ्या जाळून टाकतो. पण एक प्रत तिजोरीत शिल्लक असते! सात वर्षं कागद जपणाऱ्या माणसालाच हे सुचावं.

हे सगळं लिहून झाल्यावर छापखान्यात काय गेलं, तेही पुढे सापडलं. १९८०च्या दशकात पेनसिल्व्हेनियाच्या वायव्य भागात एका धान्याच्या कोठारात कादंबरीची टंकलिखित प्रत निघाली. स्टोकरांच्या हाताच्या दुरुस्त्या, कापून चिकटवलेले तुकडे. शीर्षक हातानं लिहिलेलं, पण ते ‘ड्रॅक्युला’ नाही, ‘द अन-डेड’ आहे. प्रकाशकाशी २० मे १८९७ रोजी केलेल्या करारातही तेच नाव आहे. पुस्तक बाहेर पडलं २६ मेच्या सुमारास. म्हणजे पिवळ्या कापडी बांधणीवर लाल अक्षरांत छापलेलं ते जगप्रसिद्ध नाव अगदी शेवटच्या घडीला बसलेलं दिसतं. ही प्रत २००२मध्ये न्यूयॉर्कच्या क्रिस्टीजमध्ये लिलावाला आली, तिथे विकली गेली नाही. नंतर मायक्रोसॉफ्टचे सहसंस्थापक पॉल अ‍ॅलन यांनी ती घेतली. दोन पौंड दोन शिलिंगांत मात्र नक्कीच नव्हे!

या प्रतीतल्या पानांचे क्रमांक पाहिले तर आणखी एक गोष्ट लक्षात येते. कादंबरीचं आजचं पहिलं पान मुळात शंभरच्या पुढे होतं. क्रमांक खोडून नवे घातले आहेत. म्हणजे सुरुवातीची शंभरेक पानं कापली गेली. त्यांत काय होतं याचा अंदाज टिपणांवरून येतो: काउंटचा वकिलांशी पत्रव्यवहार, हार्करचा म्युनिकचा मुक्काम, बर्फाचं वादळ, लांडगा, प्रेतं ठेवायचं घर. फ्लोरेन्सबाईंनी १९१४मध्ये ‘ड्रॅक्युलाज गेस्ट’ या नावाची जी कथा छापली, ती या भागाशी जुळते. स्टोकरांनी तो सारा भाग काढला आणि वाचकाला थेट गाडीत बसवलं. पहिल्याच ओळीपासून प्रवास सुरू.

आणि शेवटही कापलेला आहे. टंकलिखितात काउंटचा अंत झाल्यावर धरणीकंप व्हावा तसा डोंगर हादरतो आणि किल्ला जमीनदोस्त होतो. नाटकातल्या शेवटच्या पडद्याला शोभावं असं दृश्य. रंगभूमीवर आगी, वादळं, गडगडाट उभे करण्यात लायसीयमचा हात धरणारा कोणी नव्हता आणि स्टोकर त्याच मंडळींत वाढलेले. तरी त्यांनी तो परिच्छेद खोडला. का, ते समासात लिहिलेलं नाही. छापील पुस्तकात काउंट धूळ होतो आणि किल्ला लाल सूर्यास्तासमोर तसाच उभा राहतो.